बांबू आणि बसलेला हात

१९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं, पण परसातला बांबू बाहेर न्यायचा झाला तरी अनेक राज्यांत परवाना लागे. कच्चा मालच असा अडकलेला, तर कारागिरी वाढणार कशी?

तरीही माणसं कामाला लागली. नव्वदच्या दशकात सुनील आणि निरुपमा देशपांडे मेळघाटात गेले. तिथे लवाद्याला त्यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू तरुण घरापासून राखीपर्यंत सगळं बांबूत घडवायला शिकले. २००४मध्ये कुडाळला ‘कोनबॅक’ हे बांबू केंद्र आलं आणि सिंधुदुर्गातल्या परसातला भरीव, बिनकाट्याचा माणगा फर्निचरला लागला. २०११च्या एप्रिलमध्ये मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. २०१४मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं. वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या ‘झाडा’तून सुटायला मात्र २०१७ उजाडलं. नव्वद वर्षं!

या काळात प्रशिक्षणवर्ग पुष्कळ झाले. त्यांत काय राहून गेलं, ते टोपलीच्या बुडाशी दिसतं. नवी कोरी टोपली फडताळावर ठेवावी आणि काही महिन्यांत खाली पिवळसर भुकटी पडावी. टोपली भुंग्याने आतून पोखरलेली असते. कोवळ्या बांबूतलं पिष्ट हे त्याचं खाणं. म्हणून तीन वर्षांचा, पक्का झालेला बांबू पाऊस सरल्यावर तोडायचा. कोकणातले जाणते तोडीसाठी काळोखा पंधरवडा बघतात. मग तोडलेला बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा. उभा चिरून कामट्या काढायच्या, पाठीचा चिवट भाग वेगळा, पोटाचा मऊ वेगळा. कोयता कुठे दाबायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे बुरुडाघरचं मूल बघून बघून शिकतं. ते दहा दिवसांच्या वर्गात येत नाही. माझ्या मते बहुतेक योजना इथेच फसल्या. प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला, पण हात बसलाच नव्हता. आणि ज्यांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला, ते बुरूड सूप-रोवळ्या घेऊन आठवडी बाजारात प्लास्टिकशी झुंजत राहिले. याचं मला फार वाईट वाटतं.

पुढची योजना आखणाऱ्यांना विनंती आहे: बुरूडआळीतल्या जाणत्या माणसाला, बाईला रीतसर मानधन देऊन शिकवायला बसवा, आणि वर्ग एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चालू द्या.