शस्त्र हाती येण्याआधी

अद्भुतकथांतल्या तरुण योद्ध्याचे शिक्षण बहुधा दोन-चार पानांत उरकते. गुरू भेटतो, तलवार हाती येते, पहिल्या दिवशी ती पेलवत नाही आणि पावसाळा सरेपर्यंत नायक एकटा तिघांना लोळवू लागतो. प्रत्यक्षात हे शिक्षण अनेक समाजांत सातव्या-आठव्या वर्षी सुरू होई, विशीपर्यंत चाले आणि त्यातला मोठा काळ धारदार शस्त्राविनाच जाई. कथेतले राज्य काल्पनिक असले तरी तिथल्या आखाड्याला लागणारा तपशील खऱ्या जगात मुबलक आहे, आणि तो कल्पनेपेक्षा कितीतरी नवलाचा आहे.

सर्वांत सुसंगत नमुना केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेत सापडतो. परंपरेनुसार मूल सातव्या वर्षाच्या सुमारास कळरीत दाखल होते. कळरी म्हणजे जमीन खणून खोलगट केलेला, सुमारे ४२ फूट लांब व २१ फूट रुंद असा मातीचा आखाडा. त्याचे दार पूर्वेला असते, तर नैर्ऋत्य कोपऱ्यात पूतरा नावाचे सात पायऱ्यांचे देवस्थान. शिष्य उजवे पाऊल आत टाकतो, भूमीला हात लावून तो कपाळी नेतो, पूतऱ्याला आणि गुरुक्कलांना, म्हणजे कळरीच्या गुरूंना, वंदन करतो आणि मगच अंगाला तेल लावून सरावाला उभा राहतो.

पहिला टप्पा मेय्तारी, म्हणजे केवळ शरीराचा. पाय डोक्याच्या उंचीपर्यंत फेकणे, खोल बैठक, उडी, गिरकी. हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप अशा प्राण्यांच्या पवित्र्यांत अंग स्थिर करणे. गुरुक्कल ठरलेल्या क्रमाने मोठ्याने आज्ञा देत जातात आणि शिष्याचे अंग त्या आवाजाबरोबर हलते. पावसाळ्यात तेलाने मर्दन होते. गुरुक्कल वर टांगलेल्या दोराला धरून, आपल्या तळपायांनी शिष्याचे अंग रगडतात.

हे अंगी मुरल्यावर दुसरा टप्पा येतो, लाकडी आयुधांचा. आधी उंचीएवढी काठी, मग तीन वितींची आखूड काठी, त्यानंतर ओट्टा नावाचे हत्तीच्या सुळ्यासारखे वळलेले लाकूड. तिसऱ्या टप्प्यात धातू हातात पडतो: कट्यार, ढाल-तलवार, भाला आणि बऱ्याच उशिरा उरुमी, ही लवचिक पात्याची, कमरेला गुंडाळता येणारी तलवार. नीट आवरली नाही तर ती चालवणाऱ्यालाच कापते. निःशस्त्र झुंज आणि मर्मस्थानांचे ज्ञान सर्वांत शेवटी येते, तेही गुरूच्या विश्वासाला उतरलेल्या शिष्याला. रिकाम्या हातांची लढाई आधी आणि शस्त्रे नंतर असा क्रम लेखक सहज धरून चालतात. उत्तर केरळच्या परंपरेत तो असा उलटा आहे. कथाकाराला यातून एक तयार उतरंड मिळते. आखाड्यात कोणाच्या हाती काय आहे, एवढ्यावरून तिथला धाकटा कोण आणि जाणता कोण हे वाचकाला न सांगता कळते.

रोमन सैन्याची गोष्ट वेगळी होती. तिथे मुले घडवायची नव्हती, भरती झालेले तरुण लवकर कामाला लावायचे होते. व्हेजेशियस या लेखकाने साम्राज्याच्या उतरत्या काळात जुनी पद्धत नोंदवून ठेवली. जमिनीवर सहा फूट उंच राहील असा खांब पक्का रोवायचा. नवशिक्याच्या हाती वेताची ढाल आणि लाकडी तलवार, दोन्ही नेहमीच्या दुप्पट वजनाची. खांबालाच शत्रू मानून डोके, तोंड, बगला, मांड्या असे वार करत राहायचे; मात्र वार करताना स्वतःचे अंग उघडे पडता कामा नये. कापण्यापेक्षा भोसकण्यावर भर असे. जे या सरावात मागे पडत, त्यांना गव्हाऐवजी जव मिळत. तरुण शिपायाची मानहानी दाखवायला अशा ताटाइतके नेमके साधन शोधूनही सापडणार नाही.

मध्ययुगीन युरोपातील सरदारपुत्राचे वेळापत्रक सर्वसाधारणपणे असे सांगतात: सातव्या वर्षी दुसऱ्याच्या वाड्यावर सेवेला, चौदाव्या वर्षाच्या सुमारास शस्त्रधारी सरदाराचा साहाय्यक आणि एकविसाव्या वर्षी स्वतः सरदार. या वर्षांत घोड्याची निगा, चिलखताचा गंज काढणे, पंगतीत वाढणे ही कामे शस्त्रसरावाइतकीच महत्त्वाची होती. वेळापत्रक मात्र लवचिक होते. १३६६ साली जन्मलेला फ्रेंच सेनानी बूसिको सोळाव्या वर्षीच रणांगणावर सरदार झाला. त्याच्या चरित्रकाराने त्याचा व्यायाम लिहून ठेवला आहे: लांब पल्ल्याची धाव, हात बळकट होण्यासाठी कुऱ्हाडीचे किंवा हातोड्याचे दीर्घकाळ घाव, चिलखत घालून कोलांटी, आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या मागच्या बाजूने केवळ हातांनी चढणे. चिलखतातला माणूस पडला की उठू शकत नाही, ही समजूत या एका वर्णनापुढे टिकत नाही.

लहान वयात सुरुवात का लागते, याचे सर्वांत ठोस उत्तर इंग्रजांच्या लांब धनुष्यात आहे. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याचे फर्मान काढले. ही विद्या सरदारांची नव्हती, शेतकऱ्यांची होती. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमरने १५४९ मध्ये राजापुढच्या प्रवचनात आपल्या वडिलांची पद्धत सांगितली होती: ओढ केवळ दंडाने न घेता सगळ्या शरीराने घ्यायची, आणि मूल जसे वाढेल, बळावेल, तसे त्याचे धनुष्यही मोठे होत जायचे.

या वाढीच्या टोकाला काय होते, ते समुद्राने जपून ठेवले. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांतली बहुतेक पुरती ओढायला ४५ ते ८० किलोंच्या दरम्यान जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जहाजावरच्या सांगाड्यांत काहींच्या खांद्याच्या फऱ्याचे टोक सांधलेच गेलेले नव्हते. हा सांधा एरवी तारुण्यात जुळून येतो. तो जुळला नाही याचा संबंध पोरवयापासूनच्या धनुष्याच्या ताणाशी लावला जातो. प्रौढपणी धनुष्य हाती घेऊन महिन्याभरात चिलखत भेदणारा नायक या हाडांपुढे खोटा पडतो. अर्थात हलक्या धनुष्याने ससा टिपणारा नवशिका पूर्णपणे खरा वाटेल.

तलवारीचे उलट आहे. एका हाताची युरोपीय तलवार साधारण सव्वा किलोच्या आसपास भरते, दोन हातांची दीड किलोच्या. ती उचलणे अवघड नसते. योग्य अंतर ठेवणे आणि योग्य क्षण पकडणे अवघड असते. इंग्लंडमधील लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात सुमारे १३०० सालचे जर्मन हस्तलिखित आहे. त्यात एक धर्मगुरू शिष्याला तलवार आणि लहान ढाल चालवायला शिकवतो. सुरुवातीला सात पवित्रे येतात, मग प्रत्येकावरची तोड आणि त्या तोडीवरची तोड. अखेरच्या पानांवर शिष्याच्या जागी वालपुर्गिस नावाची स्त्री उभी आहे. मध्ययुगीन वळणाच्या कथेत लढवय्यी नायिका आणायला यापेक्षा जुना आधार कशाला हवा?

मराठी लेखकाला मात्र सर्वांत जवळ आहे तो मर्दानी खेळ. कोल्हापुरात तो आजही शिकवला जातो आणि हात बसवायला लाठीच दिली जाते. फरीगदग्यात चामड्याची ढाल आणि चामड्याने मढवलेली छडी घेऊन जोडीदाराशी खेळतात, म्हणजे फटका बसतो पण जीव जात नाही. बोथाटीत घोडेस्वाराच्या भाल्याचे टोक बोथट केलेले असते. विटा या भाल्याला दोरी असते, त्यामुळे फेकलेले शस्त्र परत ओढून घेता येते. दांडपट्ट्यात मूठ कोपराकडे जाणाऱ्या लोखंडी खोबणीत बंद होते आणि मनगट अडकते. मग वार खांद्यातून, कमरेतून आणि पावलांच्या फिरण्यातून काढावा लागतो. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापणे ही या हाताची परीक्षा. ज्याची पावले पक्की नाहीत, त्याने पट्टा हाती घेतला तर शेजारच्याला धोका.

या सर्व परंपरांतून कथाकाराने उचलायचे ते केवळ शस्त्रांची नावे नव्हेत. शिकणाऱ्याला इतकी वर्षे कोण पोसते, गुरूला काय मिळते, सरावाचे हत्यार कशाचे असते, मोडलेले हाड कोण बसवतो आणि धार लावलेले पाते प्रथम कधी मिळते, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. कळरीत गुरुक्कलच उपचारकही असतात. असा एक माणूस कथेत आला की शिक्षण आणि इजा यांची सांगड आपोआप बसते.

पुस्तकांपैकी बडोद्याहून निघालेला दत्तात्रय मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीतच आहे आणि त्यात देशी आयुधांच्या खेळांची माहिती मिळते. पण वाचन पुरेसे नाही. तालमीत जाऊन वस्तादांची परवानगी घ्यावी, लाठीचे पहिले चार हात स्वतः करून पाहावेत आणि दुसऱ्या दिवशी कुठे कुठे दुखते ते लिहून ठेवावे. नायकाच्या पहिल्या महिन्याचे प्रकरण त्या टिपणावरून लिहावे.