उठलेले हात कोणी आवरले?

गुन्हा का घडतो याची चौकशी पोलीस करतात, न्यायालये करतात, वर्तमानपत्रेही करतात. ट्रॅव्हिस हर्शी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६९ साली प्रश्न उलटा केला. बहुसंख्य माणसे गुन्हा का करीत नाहीत? त्याचे उत्तर असे की माणूस आईबाप, शाळा, कामधंदा, शेजार यांच्याशी बांधलेला असतो आणि ती नाती तुटतील म्हणून हात आवरतो. पुढे १९९० साली त्याने मायकेल गॉटफ्रेडसनसोबत सांगितले की लहानपणी अंगी बाणलेला आत्मसंयम हेच माणसाला गुन्ह्यापासून दूर ठेवणारे मुख्य बळ होय. विद्यापीठांत हे सिद्धांत शिकवले जातात. आम्ही ते महाडच्या मातीत तपासू इच्छितो.

२० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले आपले लोक बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि शिस्तीने मंडपात परतले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही तो १९२४ मध्ये मान्य केला होता. म्हणजे पाणी पिणारे कायद्याच्या बाजूने होते. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून आला. जेवायला बसलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले. गावात एकटेदुकटे सापडले त्यांनाही झोडपले. काहींना मुसलमान बांधवांनी घरात आसरा दिला म्हणून ते वाचले.

आता हर्शीसाहेबांना विचारावेसे वाटते, त्या जमावाला सामाजिक बंध नव्हते काय? भरपूर होते! घरदार, दुकान, देऊळ, जातभाई, गावातली पत, सारे काही होते. सिद्धांताप्रमाणे गुन्ह्यापासून सर्वात दूर राहायला हवे होते ते त्यांनीच. प्रत्यक्षात त्याच बंधांनी त्यांच्या हातात काठी दिली. जो मारायला गेला नसता त्यालाच आपल्या लोकांत मान खाली घालावी लागली असती. जातीने माणसाची नीती जातीपुरती करून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडले, त्याचा पुरावा महाडच्या रस्त्यावर आधीच मिळाला होता.

दुसऱ्या बाजूला कोण होते? ज्यांना शाळेत बाहेर बसवले, पाणवठ्यावरून हाकलले, ज्यांची लष्करभरतीही पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा बंद झाली, असे लोक. त्यांच्यात लढाई पाहिलेले पेन्शनर शिपाई होते. मार खाल्लेली माणसे डाक बंगल्यावर बाबासाहेबांकडे आली, डोळ्यांत अंगार घेऊन. हुकमाचीच वाट होती. हुकूम आला तो शांत राहण्याचा, आणि तो पाळला गेला. एकाने जरी कुऱ्हाड उचलली असती तर आरोपीच्या पिंजऱ्यात आपली माणसे उभी राहिली असती आणि तळ्याचा प्रश्न दंगलीच्या खटल्यात बुडाला असता. घडले उलटे. खटला हल्लेखोरांवर चालला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आम्हाला त्याहून मोठा वाटतो तो डिसेंबरचा संयम. मार्चमध्ये मार ताजा होता, नेता समोर होता. डिसेंबरमध्ये हजारो लोक सत्याग्रहाची तयारी करूनच आले होते आणि ऐनवेळी दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण तळ्याचे पाणी पुढे ढकलावे लागले. अनेकांना ते रुचले नाही. तरीही २७ तारखेला मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली. पुढे मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! एवढा धीर शाळेतल्या छडीने अंगी येत नाही. आपण कोणाचे आणि कशासाठी, हे ज्याला कळले त्यालाच तो जमतो. याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायाबापड्यांना सांगितले होते की नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. घरातल्या बंधाचा असाही उपयोग असतो.

म्हणून 'समाजबंध सैल झाले म्हणून गुन्हे वाढले' असे कोणी व्याख्यानात सांगू लागला की आम्ही विचारतो, कोणते बंध? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत बंध घट्टच होते. गावातल्या माणसांनी एकत्र येऊन ते हत्याकांड केले. कोकणात गावकीचा बंध असाच घट्ट. गावकीविरुद्ध गेलेल्या कुटुंबाला वाळीत टाकायचे, बोलायचे नाही, मयताला जायचे नाही, या प्रकारांत रायगडचे नाव इतके गाजले की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे.

आणि आपल्या वाड्यांचे काय? सवपासून पोलादपूरच्या डोंगरकपारीपर्यंत कर्ती माणसे मुंबईला, सुरतेला गेली. मागे म्हातारी आणि पोरे उरली. पंचशील हा आपला आत्मसंयम. तो कोणी दंडुक्याने लादत नाही, प्रत्येकजण स्वतःच्या तोंडाने घेतो. पण पोराने घेतलेले शील टिकते आहे की नाही हे पाहायला संध्याकाळी विहारात कोणीतरी बसलेले असावे लागते. २० मार्चला आणि १४ एप्रिलला विहारात पाय ठेवायला जागा नसते. बाकीच्या संध्याकाळी विहाराची किल्ली कोणाकडे असते, हे वाडीतल्या एखाद्या पोराला विचारून पाहावे.