सीमेवरचा खोळंबा आणि तुमच्या कांद्याचा भाव



कांद्याची पट्टी हातात पडली की आपण तिच्यातल्या कपाती बोट ठेवून मोजतो. हमाली इतकी, तोलाई इतकी, वाराई इतकी. पण एक कपात अशी आहे की ती पट्टीवर कुठेच लिहिलेली नसते. ती लिलावाच्या बोलीतच धरलेली असते. बाहेरदेशी माल पाठवणारा व्यापारी तुमच्या ट्रॅक्टरजवळ उभा राहून कांदा हातात घेतो, तेव्हा त्याच्या मनात दुसराच हिशेब चालू असतो. हा माल सीमेवर किती दिवस उभा राहील? त्यात सड किती निघेल? ट्रकवाल्याला थांबल्याचे पैसे किती द्यावे लागतील? एवढी रक्कम तो आधीच मनात वजा करतो आणि मग बोली बोलतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

या न दिसणाऱ्या कपातीबद्दल आज बोलायचे आहे. सीमेवरचे कागद आणि तपासणीचे सोपस्कार सुटसुटीत झाले तर गरीब आणि विकसनशील देशांचा व्यापार सावरायला मदत होते, असे तुम्ही रेडिओवर ऐकले असेल, पेपरात वाचले असेल. ऐकायला ते दिल्ली-जिनिव्हाचे वाटते. खरे म्हणजे ते चाळीतल्या कांद्याचे आहे.

ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांना हे लवकर उमजेल. तोड झाली, गाडी भरली, कारखान्यापर्यंत पोहोचायला दोन तास लागले. पण वजनकाट्यापुढच्या रांगेत गाडी दीड दिवस उभी राहिली. ऊस तोच, रस्ता तोच, पण वाळल्यामुळे वजन घटले. घट कोणाच्या पदरात पडली ते सांगायला नको. देशाच्या सीमेवर नेमके हेच होते. फरक इतकाच की तिथे रांग लांब असते आणि फाटके दोन असतात, एक आपले आणि एक शेजाऱ्याचे.

बांगलादेश हा गेली अनेक वर्षे आपल्या कांद्याचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. नाशिक भागातून निघालेला ट्रक साधारण सतराशे-अठराशे किलोमीटर चालून पश्चिम बंगालात बनगावजवळच्या पेट्रापोल नाक्यावर पोहोचतो. पलीकडे बेनापोल. शिवाय घोजाडांगा, महदीपूर, हिली असे आणखी नाके आहेत, तिथूनही कांदा जातो. आता पेट्रापोलला काय काय घडते ते पाहा. आपल्या कस्टमकडे निर्यातीचे बिल नोंदवायचे. माल कीड-रोगापासून मुक्त आहे असा वनस्पती आरोग्य दाखला, ज्याला व्यापारी नुसते 'फायटो' म्हणतात, तो जोडायचा. पलीकडच्या व्यापाऱ्याकडे त्याच्या सरकारचा आयात परवाना हवा. मग त्यांचा कस्टम, त्यांचा तपासनीस, त्यांची जकात. एवढे झाल्यावर आपला ट्रक बेनापोलच्या आवारात जाऊन उभा राहतो. तिथे हमाल गोणी-गोणी उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरतात आणि आपला ट्रक रिकामा परत येतो. प्रत्येक उतरवणीला कांदा आपटतो, पत्ती सुटते. जिथे मार लागला तिथून पुढे सड धरते.

जागतिक बँकेने २०२१ मध्ये भारत-बांगलादेश दळणवळणावर एक अहवाल काढला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला मालाला कित्येक दिवस लागतात, आणि साधारण तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या नाक्यांवर हेच काम ६ तासांच्या आत होते, असे त्यात म्हटले आहे.

आता एका ट्रकात समजा २५ टन, म्हणजे २५० क्विंटल कांदा आहे. थांबण्यापायी नुसती २ टक्के जादा घट आली तरी ५ क्विंटल गेला. ट्रकच्या थांब्याचे पैसे वेगळे. कांदा हा जिवंत जिन्नस आहे, बरं का. काढणीनंतरही तो श्वास घेतो, त्याला घाम फुटतो. ताडपत्रीखाली, बंगालच्या दमट हवेत, मधल्या थरातल्या गोण्या तापतात. डाळ चार दिवस थांबली तर चालते. कांदा, मिरची, द्राक्षाचे तसे नाही.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेत असे काय केले? जादू काही नाही. युगांडा हा देश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे, त्याला समुद्र नाही. त्याचा कॉफीसारखा माल शेजारच्या केनियातून मोंबासा बंदराला जातो आणि येणारा मालही त्याच वाटेने येतो. वाटेत मलाबा नावाचा नाका लागतो. पूर्वी तिथे केनियाच्या बाजूला एकदा कागद दाखवायचे, तपासणी व्हायची, मग थोडे पुढे जाऊन युगांडाच्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून तेच. पुढे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसवले, म्हणजे ट्रक एकदाच थांबतो. २०१४ पासून दुसरीही गोष्ट केली. युगांडाला जाणाऱ्या मालाची जकात मोंबासा बंदरावरच ठरवायची आणि भरून घ्यायची, सीमेवर नाही. परिणाम असा की मोंबासाहून कंपालाला माल पोहोचायला जिथे सुमारे १८ दिवस लागत, तिथे सुमारे ४ दिवस लागू लागले. रस्ता तेवढाच लांब राहिला, फाटकावरचा वेळ तेवढा कमी झाला.

त्या भागात डोक्यावर पाटी घेऊन सीमेपलीकडच्या बाजारात मका, घेवडा विकायला जाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना मोठ्या कंपनीएवढे कागद कुठून जमणार? म्हणून २,००० डॉलरपर्यंतच्या, त्याच भागात पिकलेल्या मालाला एक सोपा दाखला ठेवला आहे. मला स्वतःला या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत शहाणपणाची वाटते. मोठ्या व्यापाऱ्याला कागद करायला माणूस ठेवता येतो. कागद जड झाला की मरतो तो लहान.

आता 'सावरणे' म्हणजे काय ते कोरोनाच्या साथीत सर्वांना दिसले. मार्च २०२० च्या अखेरीस पेट्रापोलची रस्त्याने होणारी मालवाहतूक थांबली. नेमकी तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. मग मे २०२० मध्ये रेल्वेने लासलगाव भागातून मालगाड्या भरून कांदा बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत नेला. जुलैमध्ये आंध्रातल्या गुंटूरहून सुकी मिरची घेऊन खास पार्सल गाडी बेनापोलला गेली, तिच्यात ३८४ टन मिरची होती. यात एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साध्या मालगाडीला एका खेपेस निदान १,५०० टन माल लागे. लहान शेतकरी आणि लहान व्यापारी एवढा माल एका वेळी कुठून गोळा करणार? रेल्वेने ५०० टनांपर्यंतची पार्सल गाडी देऊ केली आणि अडलेले काम चालू झाले. म्हणजे नवा रूळ टाकला नाही, नवा पूल बांधला नाही. एक अट बदलली. रस्त्याची वाहतूकही जूनपासून हळूहळू सुरू झाली.

उलटा अनुभवही आहे. जानेवारी २०२२ मध्ये युगांडाने सीमेवर प्रत्येक ट्रकचालकाची पैसे घेऊन कोरोना चाचणी सुरू केली. चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मलाब्याला मैलोन्‌मैल रांग लागली आणि बघता बघता युगांडात पेट्रोलची टंचाई होऊन भाव भडकले. साथीनंतर उभे राहू पाहणाऱ्या गरीब देशाला असा एक आठवडाही महागात पडतो. त्याच्या तिजोरीत मोठे धरण किंवा कारखाना उभारायला पैसा नसतो. पण दोन अधिकारी एका खोलीत बसवायला, चार कागदांचा एक कागद करायला खर्च त्यामानाने थोडा येतो, आणि फायदा त्याच हंगामात दिसतो.

याच विचाराने जागतिक व्यापार संघटनेच्या सभासद देशांनी डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे व्यापार-सुलभतेचा करार केला. भारताने एप्रिल २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो अंमलात आला. त्यात आपल्या कामाचे एक कलम आहे: नाशवंत माल तपासणीत आधी घ्यावा, लवकरात लवकर सोडावा आणि थांबवावाच लागला तर नीट साठवणीची सोय असावी. करार सर्व देशांनी पुरतेपणी पाळला तर व्यापाराचा खर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज त्या संघटनेने २०१५ मध्ये मांडला होता. अंदाज तो अंदाजच. 'पुरतेपणी पाळला तर' हे शब्द विसरू नका. आपल्याकडे त्या दिशेने काही कामे झाली आहेत. एप्रिल २०१६ पासून कस्टमने आयातीसाठी वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या संगणकावर एकाच खिडकीत आणायला सुरुवात केली. पेट्रापोलला २०१६ मध्ये एकत्रित तपासणी नाका झाला, आणि २७ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे मालाच्या ट्रकांसाठी दोन्ही देशांचे सामाईक 'मैत्री द्वार' उघडले.

गावोगावच्या सभांतून एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, कागद सोपा झाला म्हणता, मग आमचा कांदा अडला का?" प्रश्न रास्त आहे. १४ सप्टेंबर २०२० ला सरकारने कांद्याची निर्यात अचानक बंद केली, तेव्हा भरलेले ट्रक बांगलादेशच्या सीमेवर उभेच राहिले आणि त्यांतला बराच कांदा जागीच खराब झाला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. पण किमान दराची अट आणि ४० टक्के निर्यात शुल्क राहिले. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले गेले. तिकडे बांगलादेशही त्यांचा स्वतःचा कांदा निघतो तेव्हा आयात परवाने रोखतो. तिथेही शेतकरी आहेतच. तेव्हा दोन गोष्टींची गल्लत करू नका. फाटक उघडे ठेवायचे की बंद, हा धोरणाचा भाग. उघड्या फाटकातून गाडी किती वेळात जाते, हा सोपस्कारांचा भाग. दुसरा सुधारला म्हणून पहिल्याची हमी मिळत नाही. माझे मत विचाराल तर बंदी घालायचीच असेल, तर निदान वाटेत असलेला माल तरी जाऊ द्यावा.

आता आपल्या हातातले काय, ते पाहू. सीमेवर तपासनीस माल थांबवतो तो बऱ्याचदा मालामुळेच. मार्च २०२१ मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका एकाएकी बंद केला. कारण काय? मक्यात बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. पाच-सहा दिवसांत बंदी उठली, पण अट आली: एक अब्ज भागांत १० भागांपेक्षा कमी विष असल्याचा दाखला प्रत्येक मालाबरोबर हवा. मलाब्याचा नाका कितीही चपळ झाला तरी ओला मका तिथे अडणारच. मका, भुईमूग नीट वाळवा, असे आम्ही कानीकपाळी ओरडतो ते यासाठीच. मक्याचा ओलावा १२-१३ टक्क्यांवर आल्याशिवाय पोती शिवू नका.

द्राक्षवाल्यांना २०१० साल आठवत असेल. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि कितीतरी कंटेनर अडकले. आपल्याकडे २००६ पासूनच ग्रेपनेटवर बागेची नोंद आणि मालाचा माग ठेवण्याची सोय होती; तिचा उपयोग असा की पेटीवरून थेट बागेपर्यंत पोहोचता येते. पण बागेत काय मारले याची वही शेतकऱ्यानेच लिहायची असते.

कांद्यापुरते सांगायचे तर काढणीआधी १५ दिवस पाणी तोडा. उपटल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीचा कांदा झाकेल अशी ओळ लावा. मान आवळली की दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा. अगदी मुळाशी कापलेल्या मानेतून सड आत शिरते. मग सावलीत दहा-पंधरा दिवस पातळ ढीग करून वाळवा. जोड कांदा, डेंगळे आलेला, काजळी धरलेला आणि मार लागलेला बाजूला काढून स्थानिक बाजारात विका. एका गोणीत एकाच आकाराचा माल भरा, गोणी जाळीदार घ्या. लाल कांदा टिकाऊ नसतो, तो लांबच्या वाटेला लावायचा तर थांबा किती पडेल याची चौकशी व्यापाऱ्याकडे आधी करा.

आणि चार-पाच जणांनी मिळून किंवा शेतकरी कंपनीमार्फत थेट पाठवायचे मनात असेल, तर माल ट्रकमध्ये भरल्यावर कागदांमागे धावू नका. आयात-निर्यात क्रमांक एकदाच काढावा लागतो, तो हंगामाआधी काढून ठेवा. फायटोच्या तपासणीसाठी अर्ज माल भरायच्या आधी द्या. पलीकडच्या खरेदीदाराचा आयात परवाना कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, ते लेखी मागा. त्या तारखेतून वाटेचे चार-पाच दिवस आणि नाक्यावरचे दिवस वजा करा. जी तारीख उरेल, तिच्या आत ट्रक गावातून निघाला पाहिजे.