घर बदललं, नेट लागेना

जून लागला की जालन्यात सामान हलायला लागतं. कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, कुणाची बदली झालेली असते, कुणाला पोरांच्या शाळेजवळ खोली हवी असते. पलंग, कपाट, गॅस पहिल्याच दिवशी लागतात. नेट मात्र अडून बसतं. नेमकं याच दिवसांत अकरावीचे प्रवेश, सीईटीनंतरचे फॉर्म, मग पीकविमा, असं सगळं येतं, आणि फॉर्मची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. घरोघरी नेटची जोडणी करून देणं हे माझं काम. या दिवसांतला माझा दिवस असा जातो.

सकाळी ८

आलेल्या तक्रारी वाचतो. बहुतेकांनी ‘नेट बंद आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारतो. घरात फायबर जिथं येते त्या बॉक्सवर लाल लाईट आहे का? त्याच वायफायवर मोबाइल चालतो का? कॉम्प्युटर कुठल्या खोलीत ठेवलाय? ही उत्तरं मिळाली की कुणाकडे शिडी न्यायची आणि कुणाकडे नुसती लॅन केबल, ते इथंच ठरतं. पिशवीत पॉवर मीटर, लाल लेझरचा पेन, फायबर कापायचं क्लीव्हर, कनेक्टर आणि एक चालू अडॅप्टर असतोच.

९.३०, जुना जालना

कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यातलं पहिलं घर. काकू दारातच म्हणाल्या, “भाऊ, सामान लावल्यापासून लाल दिवाच पेटू राहिला.”

लाल दिवा म्हणजे बाहेरून येणारा उजेड बॉक्सपर्यंत पोचत नाही. इथं वायफायचा काही संबंध नाही. पासवर्ड शंभरदा टाकला तरी उपयोग शून्य. फायबरमध्ये वीज नसते, काच असते, आणि उजेड ज्यातून धावतो तो काचेचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. तांब्याची तार मुडपली तरी चालते. फायबरला तीनेक सेंटिमीटरपेक्षा लहान वळसा बसला की उजेड वळणावरच बाहेर सांडतो.

लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागे उरलेल्या फायबरची मूठभर गुंडाळी करून वर रबर बांधलेलं, आणि त्यावर कपाटाची पाठ टेकलेली. मीटर लावला: उणे ३२. साधारण उणे २७ पर्यंत बॉक्स तग धरतो, त्याखाली गेलं की लाल. रबर काढलं, बशीएवढा सैल वळसा करून खिळ्याला अडकवला, कनेक्टरचं टोक पुसलं. मीटर उणे २१ वर आला आणि हिरवी लाईट स्थिर झाली. काकूंना एवढंच सांगितलं, “कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं राहू द्या.”

११.३०, नवा जालना

इथं शिक्षकांचं घर. सरांच्या मोबाइलवर नेट मस्त चालतंय. मुलीच्या डेस्कटॉपला मात्र वायफायचं नावच दिसत नाही. मोबाइल चालतो म्हणजे लाईन चांगली आणि राउटरही चांगला. दोष कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधे कुठंतरी.

खाली वाकून सीपीयूची मागची बाजू बघितली. यूएसबीचं जुनं डोंगल, आणि ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडणारं. नव्या घरी राउटर बसवताना वायफाय ५ गिगाहर्ट्झवरच चालू ठेवलेलं. मोबाइल दोन्ही पट्टे ओळखतो, डोंगलला दुसरा पट्टा कळतच नाही. राउटरमध्ये २.४ चा पट्टा चालू केला, त्याला वेगळं नाव दिलं आणि डोंगल एका यूएसबी वायरने टेबलावर आणलं. सीपीयूचा पत्र्याचा डबा आणि भिंत यांच्यात अडकलेल्या डोंगलला रेंज मिळणार तरी कशी? मुलीने लगेच फॉर्मचं पान उघडलं.

डेस्कटॉपच्या मागे स्क्रूचे अँटेना असतील तर तेही बघावेत. सामान बांधताना ते काढून पिशवीत टाकतात आणि परत लावायचे राहतात.

१.३०

लाईट गेली. जेवण उरकून घेतो. लाईट गेल्यावर येणाऱ्या तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या: टीव्ही-पंखा इन्व्हर्टरवर, पण नव्या घरात राउटरची पिन साध्या बोर्डात. फोनवरच सांगतो, पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात घाला. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो.

३ वाजता, एमआयडीसीकडची कॉलनी

दिवसातलं सगळ्यात डोकं लावायचं काम इथं असतं. तीन मजली नवं घर. राउटर तळमजल्यावर जिन्याखाली, कॉम्प्युटर दुसऱ्या मजल्यावर. कंपनीला सहा फोन झाले, लाईन ठणठणीत, वर मात्र एकच कांडी.

जालना सळईचं गाव. इथल्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या टीएमटी सळ्या राज्यभर जातात, आणि गावातल्या घरांनाही सढळ हाताने पडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहाच्या आसपास. सळ्यांची जाळी आणि जाड काँक्रीट यांतून जाताना लहर दर स्लॅबला अशक्त होते, आणि ५ ची तर आधी दम सोडते.

दुसरी गोष्ट पाणी. निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहे, पैठणच्या जायकवाडीवरून पाइपलाइन आहे, तरी इथल्या माणसाला साठवल्याशिवाय धीर नाही. या घरात जिन्यालगत दोन मोठ्या टाक्या भरून ठेवलेल्या, आणि राउटर त्यांच्या मागे. पाणी या लहरी शोषून घेतं. लोखंड आणि पाणी या गावाच्या जगण्यातले दोन मोठे विषय, आणि वायफायच्या वाटेतही नेमके तेच दोन उभे.

मोबाइलवर सिग्नल मोजला. राउटरजवळ उणे ४०, पहिल्या मजल्यावर उणे ६८, कॉम्प्युटरपाशी उणे ८४. व्हिडिओ क्लाससाठी उणे ६७ च्या आसपास तरी हवा. टाक्या हलवा असं मी कुणाला सांगत नाही. जिन्याच्या डक्टमधून लॅन केबल वर नेली आणि पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये दुसरा राउटर छातीच्या उंचीवर बसवला. शेजारीपाजारी सगळेच चॅनेल ६ वर होते. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, म्हणून हा ११ वर ठेवला. कॉम्प्युटरपाशी उणे ५८.

२.४ चा हा पट्टा आपल्याकडे २००५ साली विनापरवाना खुला झाला, म्हणून घरोघरी राउटर लावता येतो. जागा सगळ्यांची आहे, तेव्हा ती शेजाऱ्याला सांभाळून वापरायची.

५.३०

पुण्याहून परत आलेलं जोडपं; दोघांची नोकरी घरून. सोबत तिकडचा महागडा राउटर आणलेला. वायफाय जोडलं जातं, पण खाली लिहून येतं: इंटरनेट नाही. राउटरच्या पोटात अजून पुण्याच्या कंपनीचं युजरनेम होतं आणि तो त्याच नावाने इथं लॉगिन मागत होता. शिवाय नवा बॉक्स आणि तो, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, पत्ता बदलला, पत्ते वाटायचं काम बॉक्सकडेच ठेवलं. सात वाजताच्या मीटिंगआधी दोघांचे लॅपटॉप चालू झाले.

रात्री ८

वहीत नोंदी करतो. प्रत्येक घरापुढे दोष कुठं सापडला ते लिहितो: बाहेर की आत. या दोन शब्दांवरच सगळं काम चालतं. नेट गेलं की लोक नवा राउटर घेतात, विंडोज टाकून घेतात, हजार-दोन हजार उगाच घालवतात. त्याआधी एकच करा: वायफाय बाजूला ठेवा आणि लॅन केबलने कॉम्प्युटर थेट बॉक्सला जोडा. केबलवर चाललं तर दोष घराच्या आत. राउटरची जागा, पट्टा, डोंगल बघा. केबलवरही नाही चाललं तर बॉक्सची लाईट बघा. लाल असेल तर फायबर, हिरवी असेल तर लॉगिन, आणि मग कंपनीला फोन.

घर हलवायच्या आधी बॉक्सच्या मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, युजरनेम लिहून घ्या, आणि नवा पत्ता कंपनीला आठ दिवस आधी कळवा. सामानाच्या यादीत गॅसच्या शेजारी नेटचीही एक ओळ लिहिलेली असली, तर पोरांचा फॉर्म वेळेत भरला जातो.