विजेविषयी मुलांचे काही गैरसमज

संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकविताना आम्हांला एक गोष्ट वारंवार आढळते. मुले सूत्रे धडाधड म्हणतात, गणितेही सोडवितात. पण साधा प्रश्न विचारला की अडखळतात. हा दोष बुद्धीचा नव्हे. रोजच्या बोलण्यातून काही चुकीच्या कल्पना मनात पक्क्या बसलेल्या असतात.

पहिला गैरसमज, ‘बल्ब वीज खातो’. टॉर्चचे दोन सारखे बल्ब एकापुढे एक असे सेलला जोडण्यापूर्वी आम्ही विचारतो, कोणता जास्त उजळेल? बहुतेक हात पहिल्या बल्बसाठी वर होतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच उजळतात! विद्युतधारा बल्बमध्ये संपत नाही. जितकी आत जाते तितकीच बाहेर पडते. खर्च होते ती ऊर्जा. घरच्या बिलातले युनिट हे ऊर्जेचेच माप आहे.

दुसरा गैरसमज, इलेक्ट्रॉन तारेतून प्रचंड वेगाने धावतात. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत सेलमुळे १ अँपिअर धारा वाहत असेल, तर ते तासाभरात जेमतेम पाव मीटर सरकतात. मग दिवा लगेच का लागतो? कारण तार इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेली असते. पाण्याने भरलेल्या नळीची तोटी उघडताच पाणी येते, तसेच हे.

तिसरा गैरसमज, तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक नुसता ठेवला तरी वीज निर्माण होते. चुंबक हलत असतानाच काटा हलतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला होता.

चौथा गैरसमज मात्र जिवावर बेततो. ‘दिवा बंद, म्हणजे तारेत वीज नाही.’ बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेले असेल, तर दिवा विझतो. पण होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब कायम असतो. धारा वाहत नाही म्हणजे दाब नाही, असे नव्हे. तिथे बोट लागले की धारेला शरीरातून जमिनीकडे वाट मिळते. म्हणून होल्डरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा व टेस्टरने तपासावे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाचे उत्तर चुकले तर रागावू नका. ‘तुला असे का वाटले?’ म्हणून विचारा. सेल, तार आणि दोन छोटे बल्ब त्याच्या हाती द्या. घरातल्या प्लगला हात न लावता त्याला स्वतः करून पाहू द्या. पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. स्वतः पडताळलेले जन्मभर सोबत राहते.