वाट बंद की दार बंद?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनाच्छादित जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी जाणे म्हणजे अनेकांचा एका दिवसाचा रोजगार बुडणे होय. भामरागडची वाट तर पर्लकोटेच्या पुराने अनेक पावसाळ्यांत बंद पडली आहे. सबब गावातील सेवा केंद्राचा संगणक चालू असणे हा येथे केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणाऱ्या योजनेस २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. २०१४ पासून निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर देण्याची सोयही झाली. तरीही दाखल्यासाठी आलेल्या वृद्धास ‘नेट बंद आहे’ असे सांगून परत पाठविले जाते, तेव्हा वाट बंद असतेच असे नाही. पुष्कळदा बंद असते ते संगणकाचे एक दार. या दारालाच ‘पोर्ट’ म्हणतात.

पोर्ट म्हणजे काय?

तहसील कार्यालयाची इमारत एक, परंतु खिडक्या अनेक; संगणकाचेही तसेच आहे. पत्ता इमारतीपर्यंत पोहोचवितो, पोर्ट क्रमांक योग्य त्या खिडकीपर्यंत. हे क्रमांक ० ते ६५,५३५ असतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ व साध्या संकेतस्थळांसाठी ८० हे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. खिडकीमागे कर्मचारी हजर असेल, म्हणजेच त्या क्रमांकावर प्रतीक्षा करणारा प्रोग्राम चालू असेल, तरच ते पोर्ट उघडे असते.

आधारसाठी ठसा घेणारे यंत्र हे याचे चांगले उदाहरण होय. त्याची ‘आरडी सर्व्हिस’ त्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर प्रतीक्षा करीत असते. ती थांबली, तर फायबर अखंड असूनही ठसा घेतला जात नाही.

नकार आणि मौन

‘जोडणी नाकारली’ असा संदेश तत्काळ आल्यास वाट मोकळी असून खिडकीमागे कोणी नाही, असे बहुधा समजावे. दीर्घकाळ काहीच उत्तर न आल्यास वाट तुटलेली असते किंवा मध्ये फायरवॉल असते. फायरवॉल हा वनखात्याच्या तपासणी नाक्यासारखा पहारा होय. फरक इतकाच की नाक्यावर अडविण्याचे कारण सांगतात. फायरवॉल पुष्कळदा मुकाट्याने अडविते.

तपासणीचा क्रम

प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडल्यास वाट शाबूत आहे. नंतर संबंधित सेवा चालू आहे काय ते पाहून, थांबली असल्यास ती पुन्हा सुरू करावी. ती अपेक्षित पोर्टवरच आहे काय, हे ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने कळते. शेवटी फायरवॉलचे नियम तपासावेत.

घाईघाईने फायरवॉलच बंद करणे मात्र घातक ठरते. एका खिडकीसाठी साऱ्या इमारतीची कुलुपे कोणी काढीत नाही. आवश्यक तेवढेच पोर्ट उघडावे. आरडी सर्व्हिस तर संगणकाच्या आतच संवाद साधते. तिच्यासाठी बाहेरचे दार उघडण्याची गरज नसते.

एवढे करूनही दोष न सापडल्यास तक्रारीत वेळ, सेवेचे नाव, पोर्ट क्रमांक आणि पडद्यावरील संदेश जसाच्या तसा नोंदवावा. नुसते ‘नेट बंद’ असे लिहिल्यास तंत्रज्ञ जंगलातील तार तपासावयास निघतो आणि दोष केंद्रातील टेबलावरच राहतो. नेमक्या नोंदीमुळे त्याची फेरी वाचते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या वृद्धाचीही.