‘ग्रेट ईस्टर्न’चा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आगबोटीवर लेख का लिहावा, असे माझे विज्ञान शाखेतील मित्र विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की, ज्या बोटीची ही हकीगत आहे ती समुद्रात बुडाली नाही, हिशेबात बुडाली. स्थिर खर्च म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकापेक्षा मला तिनेच अधिक शिकवले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जायचे तर आफ्रिकेला वळसा घालावा लागे. सुएझचा कालवा पुढे १८६९ साली उघडला. एवढ्या लांबच्या वाटेवर कोळसा मिळवणे हीच आगबोटींची मुख्य अडचण होती. इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंजिनिअरने विचार केला की, जाण्यायेण्याचा सारा कोळसा पोटात मावेल एवढी बोटच का बांधू नये? बोट मोठी झाली की तिच्यातील जागा जितकी वाढते, तितका पाण्याचा विरोध वाढत नाही. हे गणित अचूक होते.

टेम्स नदीकाठी मिलवॉल येथे ‘ग्रेट ईस्टर्न’ उभी राहिली. लांबी ६९२ फूट, जागा ४,००० उतारूंची. दोन बाजूंना चाके, मागे पंखा, पाच धुरांडी, सहा डोलकाठ्या, आणि लोखंडी कवच दुहेरी. परंतु ३ नोव्हेंबर १८५७ रोजी ती पाण्यात ढकलू गेले तर हलेना. अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी ती तरंगली, तोवर कंपनीची तिजोरी रिकामी झाली होती. नव्या कंपनीने ती १,६०,००० पौंडांना घेतली. सप्टेंबर १८५९ मध्ये चाचणीच्या वेळी एक झडप बंद राहिल्याने वाफ कोंडून स्फोट झाला आणि भट्टीवरचे कामगार भाजून मेले. आधीच पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला ब्रुनेल त्याच महिन्याच्या १५ तारखेस वारला.

खरी चूक पुढेच झाली. पूर्वेकडच्या सफरीसाठी लागणारे भांडवल नसल्याने मालकांनी ती अटलांटिकवर धाडली. तेथे वाटेत कोळसा घेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणजे जिच्यासाठी एवढा आकार घेतला ती गरजच नाहीशी झाली. १७ जून १८६० रोजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघताना तिकीट काढलेले उतारू होते अवघे ३५! उतारू ३५ असोत की ४,०००, खलाशी तेवढेच लागतात आणि भट्ट्याही तशाच पेटवाव्या लागतात. १८६२ साली न्यूयॉर्कजवळ खडकावर आपटून बाहेरच्या कवचाला ८३ फुटांची चीर पडली. आतल्या कवचाने बोट तरली, पण दुरुस्तीने मालक बुडाले.

१८६४ साली ती २५,००० पौंडांना विकली गेली, आणि येथेच तिचे नशीब पालटले. अटलांटिकच्या तळाशी टाकायची तारायंत्राची संपूर्ण तार एकट्याने वाहून नेईल अशी दुसरी बोट जगात नव्हती. १८६५ साली तार मध्येच तुटली, परंतु १८६६ च्या जुलैत ती न्यूफाउंडलंडला पोहोचली. एवढेच नव्हे, तर आदल्या वर्षीचे तुटलेले टोकही समुद्रतळातून वर काढून जोडण्यात आले. १८७० साली ही बोट आपल्या मुंबईसही आली होती. मुंबई ते एडन ही समुद्री तार तिनेच टाकली.

पुढे तार टाकण्यासाठी खास बोटी निघाल्या, आणि १८८९-९० मध्ये मर्सी नदीवर ती मोडण्यात आली. तिच्या डोलकाठीचा एक भाग लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ध्वजस्तंभ म्हणून आजही उभा आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मराठीत म्हणतो. शेजारच्या विभागातील माझे कन्नड मित्र ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणतील. दोन्ही भाषांचा सल्ला एकच आहे. ब्रुनेलने तो मानला असता तर भागधारकांचे पैसे वाचले असते, पण मग १८६६ ची ती तार कोणी वाहिली असती? ताळेबंदात हे लाभ दिसत नाहीत. भट्टीवर मेलेले कामगारही त्यात दिसत नाहीत. हिशेब शिकणाऱ्या आम्ही हे दोन्ही लक्षात ठेवावे.